उकळलेला शंख

माझं काम काय आहे हे आईला समजावून सांगायला मला चार वर्षं लागली, आणि तिनं ते एका वाक्यात उरकलं. कुणी विचारलं की ती सांगते, "मेलेल्या शंखांची सोयरीक काढती." मला आधी राग यायचा. पण त्यात खोटं काही नाही.

शंख म्हणजे समुद्रातल्या एका गोगलगायीचं घर. ती ते जन्मभर बांधत राहते, थरावर थर चढवत, आणि त्या थरांत तिचा डीएनए चिमूटभर का होईना अडकून बसतो. गोगलगाय मरते, घर मागं राहतं. त्या घराची पूड करायची, तुकडे तुकडे झालेला डीएनए बाहेर काढायचा, जुळवायचा आणि बघायचं, की पूर्वी समुद्रात शंखांची किती कुळं नांदत होती आणि आज किती उरलीत. नाशिकच्या मुलीला हे कुठून सुचलं, असं सगळेच विचारतात. आमच्याकडं समुद्र बघायचा तर अख्खा घाट उतरून जावं लागतं. आमचं झेंडूचं रान मखमलाबादच्या बाजूला, फुलं जातात पंचवटीच्या बाजारात. मला एका जागी बसवत नाही म्हणून मी इतक्या लांब गेले असणार, दुसरं कारण मला सापडलेलं नाही.

माझ्याकडं शंखांचे दोन ढीग होते. एक उत्खननात निघालेल्या तुकड्यांचा, फार जुना. दुसरा हल्ली कोळ्यांच्या जाळ्यात आलेल्यांचा. जुन्या ढिगात एक कूळ होतं, जे आजच्या ढिगात औषधालाही नव्हतं. ते गेलं कधी? हजार वर्षांपूर्वी की परवा? ते कळायला मधल्या काळातला एक शंख हवा होता, आणि तो समुद्रातून कधी निघाला हे माहीत असायला हवं होतं. संग्रहालयांत विचारलं, तर तिथल्या चिठ्ठ्यांवर भरवसा ठेवावा अशी परिस्थिती नव्हती. माझे मार्गदर्शक म्हणाले, मधलं काही नसेल तर तुझा प्रबंध लंगडा. दिवाळीपर्यंत बघ, नाहीतर विषय बदलू. चार वर्षांनी विषय बदलायचा! मी हो म्हणाले आणि बाहेर येऊन जिन्यातच बसले.

मधले शंख कुठं आहेत हे मला पक्कं ठाऊक होतं. देवघरांत. पंचवटीतली निम्मी घरं मी पालथी घातली. माणसं चहा द्यायची, शंख कुणी कुठून आणला ते कौतुकानं सांगायची, आणि तिळाएवढं भोक पाडावं लागेल म्हटलं की विषय पावसापाण्यावर न्यायची. भोक पडलं की शंख खंडित. खंडित वस्तू पुजत नाहीत, गंगेत सोडतात. आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.

मग राहिला आमचाच. माझ्या पणजोबांचे वडील इथलं पाणी कावडीत घेऊन पायी रामेश्वराला गेले होते आणि येताना वाळू आणि हा शंख घेऊन आले. पणजोबा जन्मायच्या आधीची गोष्ट. काळ ठाऊक, जागा ठाऊक, मला आणखी काय हवं होतं? पण तो आईचा होता. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं घरातली हीच एक वस्तू स्वतःच्या हातानं तिच्या हातात दिली होती. रोज सकाळी फुलांच्या पाट्या टेम्पोत चढवल्या की आंघोळ करून ती त्या शंखानं बाळकृष्णाला पाणी घालते. एवढा वेळ सोडला तर दिवसभर ती स्वतःसाठी काही करताना मी पाहिलेली नाही.

मी भीतभीतच विचारलं. ती म्हणाली, "भोक नाय पाडायचं."

"नाही पाडणार. आतून नुसतं खरवडून घेईन."

"उद्या ने मग. आठ दिवसांनी हाय तसा आण."

मी हो म्हणाले. नुसतं खरवडून भागणार नाही हे मला तेव्हाच माहीत होतं. तरीही म्हणाले, आणि डोळ्याला डोळा न देता म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तिनं तो नव्या खणात बांधून दिला. नेहमीपेक्षा पांढरा दिसत होता. मला वाटलं, माझ्याच मनाचे खेळ.

प्रयोगशाळेत मी आतल्या वळणाआड, सहज नजर जाणार नाही अशा जागी खरवडायचं बारीक यंत्र लावलं. पुरेशी पूड मिळाली होती. तिथंच थांबायचं ना! पण मला घाई. अजून थोडी, अजून थोडी करता करता यंत्राची सुई आरपार गेली. मी दाताच्या डॉक्टरांकडं मिळतं तसलं पांढरं सिमेंट आणून भोक बुजवलं, घासलं आणि शंख घरी नेऊन दिला. आईनं खण सोडला, शंख उलटा सुलटा करून पाहिला आणि बाळकृष्णापुढं ठेवला. मी सुटले असं मला वाटलं.

निकालाची वाट बघत पुढचे तीन महिने मी कुणाशी धड बोलले नाही. जेवताना उठायचे, झोपेतून उठायचे, फोन उलटा ठेवायचे, परत सुलटा करायचे. दसऱ्याला घरी गेले. दसरा म्हणजे आमच्याकडं श्वास घ्यायलाही फुरसत नसते. ओसरीवर झेंडूचा ढीग, मी आणि आई माळा ओवतोय. दर दोन फुलांनंतर मी फोन बघत होते. "फोन ओव आता माळेत," आई म्हणाली.

दुपारी सरांचा फोन आला. आमच्या शंखातून गायीचा डीएनए निघाला होता, म्हणजे सणावाराच्या अभिषेकाच्या दुधाचा. माणसांचा निघाला होता. शंखाचा जवळजवळ नव्हताच. सर म्हणाले, "उत्खननातल्यांच्या मानानं एवढा नवा शंख इतका वाया गेलेला मी पाहिला नाही. त्याला कुठं उष्णता लागली होती का?"

मी आईला विचारलं, "शंख कधी तापवला होतास?"

"तापवला नाय. उकळला," आई माळ ओवता ओवता म्हणाली. "तू न्यायच्या आदल्या सांजेला. सोडा टाकून चांगला तासभर. एवढी शिकलेली माणसं हातात घेणार, पिढ्यांचं तेलकट दुधकट तसंच द्यायचं का? काय म्हणतील, हिच्या आईला वळण नाय."

माझं डोकंच फिरलं. हातातली माळ मी भिंतीवर फेकली. "तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा? चार वर्षं गेली माझी त्या पातेल्यात. भोक पाडून काय उपयोग झाला मग?"

बोलून गेले आणि मग ऐकलं, आपण काय बोललो ते.

आई उठली. माळ उचलून आणली, तुटलेली फुलं वेगळी काढली आणि म्हणाली, "भोक ठाऊक हाय मला. तू गेलीस त्याच्या दुसऱ्याच दिशी पाणी घालताना गळलं. तुझं सिमेंट काय टिकलं नाय. मी मेण लावलं."

"मग गंगेत का नाही सोडलास?"

"म्हटलं, तुला अजून लागला तर?" ती परत बसली. "खंडित पुजू नाय म्हणत्यात. तुझ्या आत्याला कळलं असतं तर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. रोज देवाची माफी मागायची अन् त्यातच पाणी घालायची."

मी तीन महिने तिला फसवल्याच्या गैरसमजात होते, आणि ती तीन महिने माझ्यासाठी देवाला फसवत होती. मला रडू आलं आणि रागही आला, तिचा नाही, माझाच.

"आता नाय ना लागणार?" तिनं विचारलं.

नाही म्हणायला हवं होतं. पण शंखाच्या पोटात मधोमध एक जाड खांब असतो. उकळूनही त्याच्या गाभ्यात काही बारीक तुकडे तगले असण्याची शक्यता होती. त्यासाठी शंख फोडावा लागणार होता.

"लागेल," मी म्हणाले. "फोडावा लागेल."

तिनं हातातली माळ पुरी केली, गाठ मारली, मग आत जाऊन शंख आणला. या वेळी खण नव्हता, वर्तमानपत्रात गुंडाळला होता. "हे घे. धुतला नाय," ती म्हणाली.

खांबानं दगा दिला नाही. फार थोडं मिळालं, पण वाचता आलं. आमचा शंख त्या हरवलेल्या कुळातला होता. म्हणजे पणजोबांच्या वडिलांच्या वेळी ते कूळ समुद्रात होतं, आणि नंतर कधीतरी, माणसांच्या आठवणीत बसेल एवढ्याच काळात, ते दिसेनासं झालं. एका शंखावरून फार बोलू नकोस, सरांनी बजावलं. मी फार लिहिलं नाही. प्रबंध मात्र उभा राहिला.

उरलेले तुकडे घेऊन मी घरी आले. आम्ही दोघी जाऊन ते गंगेत सोडून आलो. घाटावर पाय धुताना आईनं विचारलं, "कळलं का काय?"

मी सांगितलं.

"आपण आणला म्हणून तर नाय ना संपलं ते?"

एकाच शंखानं कूळ संपत नाही, असं मी म्हणाले. मग मला पंचवटीतली सगळी देवघरं आठवली, दारोदारी पाहिलेले सगळे शंख आठवले. घाटावरच पूजेच्या सामानाची दुकानं आहेत, फळीवर शंखांची रांग असते. मी म्हणाले, "नवा घेऊ या ना एक. मी घेते."

"नको," ती म्हणाली. "ऱ्हाऊ दे त्यांना तिकडं समुद्रातच."

दुसऱ्या दिवशी सकाळी फुलांचा टेम्पो गेल्यावर तिनं बाळकृष्णाला ओंजळीनं पाणी घातलं.