काचेवरचा डॉक्टर

आमचं मंत्रालय नव्या रायपूरला गेलं आणि गाडीवाचून चालेना. बस क्वचितच मिळायची. म्हणून मी जुनी गाडी घेतली. ती एका डॉक्टरांची होती. ते वारल्यावर त्यांच्या पत्नीनं विकायला काढलेली. पुढच्या काचेवर लाल अधिकचं चिन्ह आणि खाली ‘डॉक्टर’ असं स्टिकर होतं. मी ते काढलं नाही. चौकात पोलीस अडवत नसत, गेटवरचा गार्ड सलाम ठोकायचा. मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

एका दुपारी ऑफिसच्या कामानं अभनपूरला निघालो होतो. वाटेत एक माणूस दोन्ही हात हलवत पुढं आला. झाडाखाली त्याची म्हातारी आई आडवी पडलेली, ओठ निळे. शेजारी त्यांना न्यायला एक जीप थांबली होती. माझी काच बघताच तो जीपवाल्याला ओरडला, “जाव भैया, डाक्टर साहब आ गे!” जीप निघून गेली.

“दाई ल देख लेव, साहब,” आईकडे हात करत तो म्हणाला.

“मैं डॉक्टर नहीं हूँ.”

त्यानं स्टिकरकडे बोट दाखवलं, पुन्हा हात जोडले. मी टाळतोय असंच त्याला वाटलं. त्याला पटवण्यात किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी आम्ही दोघांनी तिला उचलून मागच्या सीटवर ठेवलं. अभनपूरच्या दवाखान्यापर्यंत तो एकच म्हणत राहिला, “नाड़ी तो देख लेव.” दारात त्यांना उतरवून मी कामाला निघून गेलो.

संध्याकाळी चौबे कॉलोनीत घरी आलो तो थेट ब्लेड घेऊन काचेला भिडलो. बायको बाहेर आली. “आता काहून काढून राहिले? दोन वर्षं झाले त्याले.”

मी हेअर ड्रायरनं शेकून स्टिकर सोललं, पण चिकटा तसाच राहिला, त्याच आकाराचा. खोबरेल तेल चोळलं तर तो पसरला, बोटांना लागला. बायकोनं रॉकेलचा बोळा आणून दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. मग तिला सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. नर्सनं विचारलं, “मरीज का नाम?” मी विचारलंच नव्हतं.

“कल दो बूढ़ी औरतें आई थीं. एक को रायपुर भेजा, एक गुज़र गई. आपकी कौन-सी थी?”

“साथ में बेटा था.”

“बेटे तो दोनों के साथ थे.”

तिनं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. मी दोन्ही नावं वाचली. दोन्ही अजून पाठ आहेत.