बिनआवाजाचा कम्प्युटर

"मॅडम, हेडफोन लावूनच खेळणार ना? मग पंख्याच्या आवाजाचं एवढं काय घेऊन बसलात?" दुकानदार पुन्हा म्हणाला.

अंधेरीतल्या त्या दुकानात मी कम्प्युटरचे सुट्टे भाग घ्यायला गेले होते. माणूस भला होता, पण त्याला सगळं समजावून सांगायचा मला कंटाळा आला होता. हेडफोन मला नको होते, कारण आमच्या दाराची कडी वाजली तर ती मला ऐकू यायला हवी होती. कडी वाजली म्हणजे बाबा निघाले.

बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडून जमाना लोटला, हे त्यांना सोडून सगळ्यांना माहीत आहे. मधूनच त्यांना वाटायचं, पाळीची वेळ झाली. मग सदरा घालून निघायचे. "बाबा, कुठे?" विचारलं की "खंय म्हणजे? कामार," एवढंच उत्तर, गावच्या बोलीत. एकदा नाहूर स्टेशनच्या पुलावर सापडले. कुणा अनोळखी बाईने हाताला धरून बसवून ठेवलं होतं. बाहेरून कुलूप लावून पाहिलं, तर आतून दार बडवून रडायला लागले, आणि ते माझ्याच्याने बघवेना. शेवटी मी ऑफिसकडून घरून काम मागून घेतलं आणि कान कडीला लावून बसले. अगदीच अडलं तर शेजारणीला बाबांजवळ बसवून बाहेर पडायचे. ऑफिसात सगळे म्हणाले, मजा आहे तुझी.

बोरिवलीचा दादा रविवारी यायचा आणि उंटावरून शेळ्या हाकायचा. गेमिंग कम्प्युटरचं ऐकून तो हसलाच.

"चाळिशी आली तुझी. आता गेम खेळणार? ऑफिसचा लॅपटॉप आहे ना?"

"त्यावर नाही चालत रे."

"अगं मग बाहेर जा जरा. फिरून ये."

"तू बस इकडे, मी जाते."

त्यावर त्याला बोरिवलीला पोचायची घाई झाली.

मला एक खेळ हवा होता. त्यात मोठं उघडं माळरान असतं, एक घोडा असतो, आणि वाटेल तिकडे जायचं. कुणी विचारत नाही कुठे चाललीस, किती वाजेपर्यंत येशील. एवढंच हवं होतं. दिवसातून तासभर, घर न सोडता. तयार कम्प्युटर का नाही घेतला, असं दादाच्या बायकोनेही विचारलं. दुकानातले तयार कम्प्युटर मी पाहिले होते. सगळे जत्रेतल्या पाळण्यासारखे लखलखत होते आणि चालू केले की घोंघावत होते. ते बनवणाऱ्यांच्या घरी म्हातारी माणसं नसावीत.

म्हणून मग एकेक भाग निवडत बसले. इंटरनेटवर लोक एकच प्रश्न विचारतात, खेळ किती भरभर पळेल. मी विचारायचे, आवाज किती. चित्रं हलवायचं काम करतं ते ग्राफिक्स कार्ड मी मुद्दाम कमी ताकदीचं घेतलं, कारण ताकदीचं कार्ड तापतं, आणि तापलं की त्याचे पंखे ओरडतात. प्रोसेसरवरचा पंखा मात्र मोठा घेतला. मोठा पंखा सावकाश फिरतो, त्याची नुसती झुळूक असते. रंगीत दिव्यांचा तर प्रश्नच नव्हता. बाबा घरातले दिवे विझवत फिरायचे, "बिल कोण भरतलो?" एकदा ऑफिसची मीटिंग चालू असताना त्यांनी वायफायचा डबा बंद केला, कारण त्यावर हिरवा दिवा होता. कॅबिनेटच्या, म्हणजे बाहेरच्या डब्याच्या, पुढे चकाकणारं बटण नको, पंखे मागे हवेत, आणि काच अजिबात नको. दुकानदाराने अखेर एक काळा डबा काढला. त्यावरची धूळ पुसत म्हणाला, "हा कोणी घेत नाही, मॅडम. एकदम मरतुकडा दिसतो."

"हाच द्या," मी म्हटलं.

एका दुपारी जेवणाच्या टेबलावर ते सगळं जोडलं. बाबा समोर बसून बघत होते. पंखा बसवायचे स्क्रू नाहीसे झाले. टेबलाखाली, चादरीखाली, सगळीकडे शोधलं. सापडले बाबांच्या सदऱ्याच्या खिशात. मी इतकी वैतागले होते की हसायलाच आलं. तेही हसले. कम्प्युटर चालू केला तेव्हा तो खरंच चालू आहे का, हे बघायला मला कान लावावा लागला. फार दिवसांनी काहीतरी माझ्या मनासारखं झालं होतं.

खेळ उतरवून घ्यायच्या आधीच बाबा न्हाणीघरात पडले. खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटल झालं, ऑपरेशन झालं, धावपळीने माझ्या नाकी नऊ आले. बाबा घरी आले ते हॉलमधल्या खाटेवर, आणि तिथून उठले नाहीत. कडी वाजायची थांबली. दादा भेटायला आला तो मोठाले हेडफोन घेऊन. "आता दाराची कटकट गेली," म्हणाला. त्याचं मन वाईट नाही, पण त्या क्षणी त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. हेडफोन कपाटात टाकले.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी एका संध्याकाळी बाबांचा डोळा लागला होता म्हणून मी खेळायला बसले. खाट माझ्या पाठीमागेच, चार हातांवर. कम्प्युटरचा आवाज नव्हता. खेळाचाही मी अगदी बारीक ठेवला होता. घोडा घेऊन जी निघाले, ती टेकड्या, नदी ओलांडत पार दुसऱ्या टोकाला पोचले. मागे वळून पाहिलं तर बाबा टक्क जागे. चादर ओली होती. हात लावला तर गार पडलेली.

"बाबा, हाक का नाही मारली?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तू कामार हुतंस मां," ते म्हणाले. "कामार आसताना मदी हाक मारू नये."

मी चादर बदलली, त्यांना पुसलं, कोरडा सदरा घातला. रडू येत होतं आणि रागही येत होता. राग कुणावर ते कळत नव्हतं. त्यांना खोट्यात ठेवणं मात्र मला जमेना.

"काम नव्हतं, बाबा. मी खेळत होते."

त्यांनी जरा विचार केला. माझ्या हातावर हात ठेवला.

"खेळ मगे," म्हणाले. "मी खंय जातलंय आता."