सैल पोत

आठवडी बाजारात पोत ओवून देणाऱ्या दादांसमोर माझी तुटलेली माळ घेऊन बसले होते. माझ्याआधी एक बाई होती. तिची काळी पोत गळ्याला घट्ट व्हायला लागली होती, म्हणून मणी वाढवायचे होते. तेवढ्यापुरता तिने गळ्यात हळदीचा दोरा बांधला होता.

"गेल्या वर्षीच तर वाढवून दिली," दादा म्हणाले.

ती कसनुशी हसली. पदर सरकला, तेव्हा गळ्यावरची मुठीएवढी गाठ दिसली.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. आयोडीन कमी पडलं की गळ्यातली ग्रंथी काम थांबवत नाही. रक्तातून येईल तो कण वेचून धरते, आणि जास्त वेचता यावं म्हणून स्वतःच वाढत जाते. फळ्यावर ते फार हुशारीचं वाटायचं. इथे वाटलं, किती मुकाट्याने भागवत राहिली असेल ही.

न राहवून विचारलं, "घरी मीठ कुठलं वापरता?"

"खडेमीठ. सासूबाईंना पाकिटातलं चालत नाही."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं ना. ते म्हणाले, मीठ बदला. पण मीठ काय माझ्या हातात आहे, बाई?"

मला अख्खा धडा पाठ होता. त्यात सासूबाई नव्हत्या.

दादांनी ओवलेली पोत तिने गळ्यात घालून बघितली. नीट बसली होती. तरी तिने ती काढून परत त्यांच्या हातात दिली.

"अजून थोडी सैल करा, दादा. पुढच्या वर्षी परत यायला नको."