नांगर काशीबायचा

परवानगी मागून जगणारा एकच माणूस मी पाहिला, आणि नेमकं त्यालाच न विचारता लुबाडलं गेलं. आशागडचे आमचे फोटोवाले काका. चिकूच्या झाडाचा फोटो काढायचा तर ते वाडीच्या मालकाला विचारत, मग राखणदारालाही. तलासरीकडच्या एका पाड्यावर वाघदेवाचा दगड टिपायला गेले, तर जाणता म्हातारा भाताच्या खाचरातून परतेपर्यंत उकिडवे बसून राहिले. म्हातारा आला, हो म्हणाला, तेव्हा उजेड गेला होता. काका तसेच खुशीत परतले.

नरपडला काशीबाय कोळणीच्या पोरांच्या जाळ्यात होडी रोखायचा, तीन भोकांचा पुरातन दगडी नांगर आला, तेव्हाही तेच. ती म्हणाली, "अवो भाऊ, दगडाचा फोटू काढायचाय का त्याला स्थळ बघायचंय? काढा की." काकांनी फोटो काढला आणि मागे लिहिलं, 'नांगर काशीबायचा, नरपड'. स्वतःचं नाव ते कधीच लिहीत नसत. "दगड तिचा, उजेड सूर्याचा. माझं काय त्यात?"

नांगर शहरातल्या एका संग्रहालयात गेला, सोबत फोटोची प्रतही. २०१७ साली वाढवणच्या बंदराविरुद्धच्या पत्रकात मला तो फोटो हवा होता. इथे पिढ्यान्‌पिढ्या होड्या लागतात, हे दाखवायला. बघतो तर संग्रहालयाच्या जाडजूड पुस्तकात तो आधीच छापलेला. खाली संग्रहालयाचं नाव, आणि लेखी परवानगीशिवाय वापरू नये अशी तंबी. मी फोन लावला. तिकडचे साहेब म्हणाले, "मागे काशीबाई लिहिलंय. त्यांनीच काढला असेल. त्यांना अर्ज करायला सांगा."

दगड ठेवून घेतला म्हणून फोटो यांचा होत नाही. काढणाऱ्याचा हक्क असतो, कायदाच आहे तसा. मी तणतणत काकांकडे गेलो. "निगेटिव्ह आहे ना?"

"आहे की, बिस्किटाच्या डब्यात. पण आधी काशीबायला विचारू."

काशीबाय म्हणाली, "छाप रे. आणि त्या साहेबाला सांग, मला अर्ज येत नाय, शिव्या येतात."

मी पत्रक छापलं, फोटोखाली ठळक अक्षरांत काकांचं नाव घातलं आणि मोठ्या ऐटीत त्यांना नेऊन दिलं. त्यांनी ते वाचून घडी केली. "माझं नाव छापताना मला विचारलंस?"

आता काका नाहीत. डबा आणि फोटो माझ्याकडे आलेत. प्रत्येक फोटोमागे कुणाचं ना कुणाचं नाव आहे, त्यांचं एकावरही नाही. उद्या हेही कुणीतरी उचलेल, म्हणून त्यांचं नाव लिहायला मी पेन घेऊन बसतो. पहिला फोटो उलटा करतो आणि हात थांबतो. विचारायचं कुणाला?