चिमट्यांचा आळ

शिंपीणबाई, "माझ्यावर काय लिहिणार?" असं तुम्ही विचारलंत. जे गिळून बसला आहात, तेच लिहिते. नाक मुरडू नका, ऐका.

तर ही शिंपीण दिवसभर मशीनवर, आणि तिच्या लहानग्या लेकीला सांभाळायची तिची थोरली नणंद. पोरीच्या पायांवर, दंडांवर निळे डाग दिसू लागले. पोर फिकट पडली, ताप जाईना, जिना चढताना कडेवर घे म्हणायची. शिंपिणीला मात्र डागच दिसले. कापडावरचा डाग चहाचा की तेलाचा हे ती लांबून ओळखायची. हाही ओळखला असं तिला वाटलं.

"वन्सं, पोरीला चिमटे काढता?"

"मी? अगं, वेड लागलंय का तुला?"

"मग हे काय आभाळातून पडलं?"

नणंदेनं पिशवी उचलली आणि गेली.

पुढं एका सकाळी दात घासताना पोरीच्या हिरड्यांतून येणारं रक्त थांबेना. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी मान, पोट चाचपलं, रक्त तपासायला दिलं आणि मोठ्या इस्पितळात धाडलं. तिथं कमरेच्या हाडातला मगज काढून पाहिला. रक्ताचा कर्करोग.

"हाडांच्या आत कच्च्या पेशींनी गर्दी केलीय," तिथले डॉक्टर म्हणाले. "रक्त थांबवणाऱ्या पेशींना जागाच उरली नाही. म्हणून कुणी न मारताही डाग उठतात. बहुतेक मुलं यातून बरी होतात, पण दोन-तीन वर्षं चिकाटी लागेल."

नवरा ढसाढसा रडला. शिंपिणीचे कान तापले. 'न मारताही' एवढंच तिच्या डोक्यात शिरलं होतं. पोटची पोर अशी पडलेली, आणि आपण तोंड लपवायला जागा शोधतोय, याचीही तिला लाज वाटली.

सलाईनमधून औषधं, पाठीच्या कण्यात सुया. केस गेले, परत आले. जरा ताप चढला की हातातलं टाकून इस्पितळ गाठायचं. एकदा पोरगीच बोलून गेली, "तू घरी आंघोळीला जातेस ना, तेव्हा आत्या येते. आधी साबणानं हात धुते, मग गोष्ट सांगते. तू यायच्या आत पळते."

"पळते का गं?"

"रडू येईल म्हणते. तुला की तिला, ते मी विसरले."

शिंपीण खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

पोरगी आता शाळेत जाते, गुडघे फोडून घेते. आणि शिंपीणबाई, "वन्संची माफी मागायला तुम्ही बरोबर चला, एकटीनं माझी जीभ उचलायची नाही," हे तुमचेच शब्द. मी दोनदा तयार होऊन आले. एकदा तुमचं गिऱ्हाईक यायचं होतं, एकदा मशीन बिघडलं होतं. नणंदबाई राहतात दोन गल्ल्या पलीकडे. आपण अजून गेलेलो नाही.