फडकं बांधलेल्या बायांची फिल्म

मिरची खुडायला बसलं की पुढ्यात दोन ढीग होतात. एक मिरचीचा, एक देठांचा. मिरची व्यापाऱ्याच्या पोत्यात जाते. देठ तिथंच राहतात, संध्याकाळपर्यंत कमरेएवढे होतात, आणि यांचं काय करायचं ते कोणी विचारत नाही. आमचे किस्से तसेच. मिरचीबरोबर रोज थोडे थोडे पडत गेले आणि ढीग केवढा झाला ते आम्हालाही कळलं नाही.

तो उपसायला निमित्त झाली माझी नात वैशाली. ती पुण्याला जुन्या फिल्मा जपून ठेवायच्या कचेरीत कामाला आहे. पूर्वी टॉकीजमध्ये सिनेमाच्या आधी सरकारी बातम्यांची फिल्म दाखवायचे ना, तसल्या फिल्मा. दिवाळीला घरी आली तेव्हा म्हणाली, "आजी, बांगलादेशच्या लढाईच्या वेळच्या आणि त्यानंतरच्या काही वर्षांच्या फिल्मा आमच्याकडे सापडल्यात. एकीत नंदुरबारची मिरची पण आहे."

मी म्हटलं, "मग आम्ही पण असू."

तर समाजमंदिरात पांढरी चादर बांधली, वैशालीने पुण्याहून मशीन आणलं आणि मिरचीच्या पथारीवर काम केलेल्या, अजून चालत्याबोलत्या असलेल्या सगळ्या बायांना निरोप गेला. पथारी म्हणजे गावाबाहेर मिरची वाळत घालायची जागा. नजर जाईल तिथपर्यंत लाल.

हे मी बोलतेय आणि वैशाली लिहून घेतेय. माझी अहिराणी ती पुस्तकातल्यासारखी करते. बायांचं बोलणं मात्र मी तिला सुधारू देत नाही.

*

सगळ्यांच्या आधी येऊन बसली रुखमा. तिचं कारण वेगळं होतं.

रुखमाची आई, गेंदामाय, आमच्या टोळीतली मोठी. मी नवी नवरी होऊन पथारीवर गेले तेव्हा कामाचा पहिला धडा तिनंच दिला. "डोयाले हात नको लावू." डोळ्याला हात लावू नको. मिरचीचा हात डोळ्याला लागला की दिवस वाया. हे ती प्रत्येक नव्या पोरीला सांगायची, जुन्या बायांना पण सांगायची, पथारीवर आलेल्या व्यापाऱ्याला पण सांगायची.

फिल्मवाले आमच्याकडे आले, त्याच्या पुढच्याच पावसाळ्यात ती तापाने गेली. रुखमा तेव्हा निंबाखाली चिंध्यांच्या बाहुल्या खेळायची, एवढीशी. फोटो कोण काढणार होतं तेव्हा. आणि पथारीवर आम्ही सगळ्या तोंडाला फडकं बांधून बसायचो, मिरचीचा खकाणा नाकात जाऊ नये म्हणून. रात्री घरी पोचायच्या आधीच रुखमा झोपलेली असायची, त्यामुळे तिला आई आठवते ती फक्त दोन डोळे आणि आवाज. पुढे ती स्वतः पथारीवर आली तेव्हापासून आम्हाला एकच विचारायची, "मन्ही माय दिखाले कशी व्हती वं?"

मी सांगायचे, बुटकी होती. माझ्या बरोबरीची चंपा सांगायची, चांगली उंच होती. मग माझं आणि चंपाचं भांडण लागायचं आणि रुखमा आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघत राहायची.

*

चादरीवर आधी आले पुढारी. मोटारीतून उतरताहेत, हार घालून घेताहेत, लढाई जिंकल्याचं भाषण करताहेत. चंपाने मला कोपर मारलं. दोघींना एकच आठवलं, तिची सासू.

तेव्हा गावात तंबू टॉकीज यायचं. चंपाची सासू पहिल्यांदा गेली आणि पडद्यावर पुढारी आला तसा तिनं पदर ओढून तोंड झाकलं. पुढारी गेला, पदर वर. पुन्हा आला, पुन्हा पदर खाली. सगळी फिल्म असंच चाललं.

चंपा म्हणाली, "अहो सासूबाई, तो फोटो शे. त्याले तुम्ही दिखत नहीत."

सासू पदराआडून म्हणाली, "त्याले नसेन दिखत. मले तर तो दिखस ना."

*

मग शहरातल्या बाया आल्या. खुर्च्यांवर बसून जवानांसाठी स्वेटर विणताहेत, मांडीवर लोकरीचे गुंडे.

आमच्याकडेही शाळेच्या एक बाई लोकर घेऊन पथारीवर आल्या होत्या. "सीमेवर थंडी फार, तुम्ही पण हातभार लावा." आम्हाला स्वेटर काय येणार? सरळ विणत जायचं, लांब झालं की थांबायचं, असा मफलर त्यांनी शिकवला. जेवणाच्या सुट्टीत विणायचो. हात धुऊन बसा असं बाई म्हणायच्या, पण मिरचीचा हात धुऊन सुटत नाही, तो रात्री भाकरीलाही लागतो.

मफलर पूर्ण झाला. बाईंनी कौतुकाने स्वतःच्या गळ्यात घालून बघितला. थोड्या वेळाने मान खाजवायला लागल्या, मग शिंकायला लागल्या, मग हौदाकडे पळाल्या.

चंपा म्हणाली, "चांगलं शे. थंडी ऱ्हाऊ दे, दुश्मन बी त्याच्या जवळ येनार नही."

*

मग जवान आले. आगगाडीच्या खिडकीतून हात हलवणारे जवान, गळ्यात झेंडूच्या माळा. आम्हाला सगळ्यांना भिका बाबा आठवला.

भिका बाबा पथारीचा राखणदार. त्याचा एकुलता एक आंडोर, म्हणजे मुलगा, सुकलाल, लढाईवर गेलेला. लढाई संपली, सगळीकडे पेढे वाटले, पण सुकलालचं पत्र येईना. कोणीतरी भिका बाबाला सांगितलं की टॉकीजमध्ये लढाईची फिल्म दाखवतात. झालं. फिल्म बदलली की हा तंबूत हजर. दारावरचा माणूस त्याला फुकट सोडायचा, कारण बातम्या संपून सिनेमा सुरू झाला की भिका बाबा उठून बाहेर यायचा. सिनेमाशी त्याला काही देणंघेणं नव्हतं. पडद्यावर जवान दिसला की तो उभा राहायचा. "तो दखा, मन्हा सुकलाल." उंच असो, काळा असो, दाढीवाला सरदारजी असो, सगळे त्याचे सुकलाल. लोक आधी हसायचे, मग हसायचे बंद झाले.

एक दिवस खरा सुकलाल आला. इतके दिवस इस्पितळात होता, पायाला गोळी लागलेली. लंगडत घरी आला तर बाप घरी नाही. शेजारणीने सांगितलं, तंबूत असेल. तो तसाच वर्दीवर तंबूत गेला आणि अंधारात बापाशेजारी जाऊन बसला. पडद्यावर आगगाडी आली, भिका बाबा उठून उभा राहिला.

"तो दखा, मन्हा सुकलाल."

सुकलालने त्याचं धोतर ओढलं. "बाबा, मी आठे शे." मी इथं आहे.

भिका बाबाने मान वळवली नाही. म्हणाला, "थांब रे भो, मन्हा आंडोर दिखी ऱ्हायना."

*

जवानांच्या मागून चादरीवर आला दुष्काळ. भेगा पडलेली जमीन, हाडं दिसणारी गुरं, तळोद्याच्या रस्त्यावर खडी फोडणाऱ्या बाया. खरं सांगते, मला मोकळं वाटलं. ते ऊन चादरीवर होतं, डोक्यावर नव्हतं. बघून झालं की घरी जाऊन भात खायचा होता.

फिल्ममधला माणूस हिंदीत गोड आवाजात सांगत होता की या भगिनी हसत-गात देश घडवताहेत. आणि एकदम पुढे आली आमची चंपा. विशीतली, काटकुळी, हातात हातोडी. घाव घातला की तोंड हलतंय, घाव घातला की तोंड हलतंय.

वैशालीने विचारलं, "चंपाआजी, कोणतं गाणं म्हणत होत्या?"

चंपा म्हणाली, "गानं कशाचं वं? मुकादमले शिव्या दी ऱ्हायनू मी. प्रत्येक दगडाले एक."

वैशालीने ते पुन्हा लावलं. तिचा आवाज फिल्ममध्ये नसला म्हणून काय झालं, आम्हाला ओठांवरून एक एक शिवी कळली. वैशालीला सांगितल्या नाहीत.

*

फिल्मवाले पथारीवर आले तो दिवस सांगायला हवा.

टोपी घातलेला कॅमेरावाला साहेब, तीन पायांचं लाकडी तिकाटणं, त्यावर कॅमेरा. आम्ही ओळीने बसून मिरची खुडत होतो. साहेब म्हणाला, "फडकी काढा. चेहरे दिसू द्या. आणि जरा हसा."

आम्ही फडकी काढली. साहेबाने हात वर केला. तेवढ्यात वारं आलं.

साहेबाला हसऱ्या बाया पाहिजे होत्या, त्याला मिळाल्या शिंकणाऱ्या. ओळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिंका. तोच ओरडला, "बांधा, बांधा, परत बांधा."

मग त्याला वाटलं मिरच्या नीट दिसत नाहीत. मदतनिसाला कॅमेऱ्याजवळ उभं करून स्वतः पुढे आला आणि दोन्ही हातांनी मिरच्या मांडायला लागला. कपाळावरचा घाम डोळ्यात गेला असेल. त्याने डोळा चोळला.

एवढा मोठा साहेब, पण आईच्या नावाने ओरडला. गेंदामाय धावली. मिरची झोंबली तर केस घासायचे, दाह कमी होतो, हे आम्हाला तिनंच शिकवलेलं. तिनं आपला अंबाडा सोडला, साहेबाचं डोकं धरलं आणि त्याचे डोळे आपल्या केसांत दाबून धरले. साहेब उठला तेव्हा त्याची टोपी मिरचीत पडलेली होती. ती त्याने परत घातली नाही.

*

आता समाजमंदिरातलं सांगते.

मिरचीची फिल्म आली. लाल मिरची काळी-पांढरी दिसत होती. ओळीने बसलेल्या बाया, सगळ्यांच्या तोंडाला फडकी. रुखमा उठून चादरीजवळ गेली. "यातनी मन्ही माय कोनती?"

मी एक दाखवली. चंपाने दुसरी दाखवली. मागून कोणीतरी तिसरी दाखवली. तेवढ्यात फिल्म संपून पुढे कुठल्याशा पुलाचं उद्घाटन सुरू झालं.

रुखमा जागेवर येऊन बसली. "जाऊ द्या," म्हणाली. "डोये तरी दिखनात."

वैशाली म्हणाली, "थांबा काकू, अजून एक तुकडा आहे. टॉकीजमध्ये दाखवली त्यातून कापून टाकलेला. याला आवाज नाही."

चादरीवर पुन्हा पथारी आली. साहेब वाकून मिरच्या मांडतोय. मदतनिसाने कॅमेरा चालू केलेला होता, हे आम्हाला कुणाला ठाऊक? साहेबाने घाम पुसला, डोळा चोळला, कळवळून खाली बसला. ओळीच्या टोकाकडून एक बाई उठली आणि धावत आली, थेट कॅमेऱ्याकडे तोंड करून. धावता धावता तिने तोंडावरचं फडकं खाली ओढलं.

कपाळावर गोंदण. पुढच्या दोन दातांत फट. उंच नाही, बुटकी नाही.

"हीच," मी आणि चंपा एकदम म्हणालो. पहिल्यांदाच भांडलो नाही.

रुखमाला आता सून आली, नातवंडं झाली. ती चादरीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "कितली लहान शे वं मन्ही माय."

वैशालीने विचारलं, "इथंच थांबवू का, काकू? नीट बघता येईल."

"नको," रुखमा म्हणाली, "तिले बोलू दे."

तिच्या डोळ्यांतून पाणी चाललं होतं आणि ती ते बोटांनी पुसायला लागली होती. चादरीवर गेंदामायने बोट उगारलं आणि तोंड उघडलं. आवाज नव्हताच. पण तिचे ओठ हलले तसं आम्ही सगळ्या म्हाताऱ्या एका सुरात बोललो.

"डोयाले हात नको लावू."

रुखमाने हात खाली घेतला.