रजिस्टरातला अर्धा तास

सत्तरच्या दशकात सोलापुरात सलाईनच्या बाटल्या भरणारा एक लहानसा कारखाना होता आणि त्यात बी. फार्म. झालेला मी एकटाच होतो. ही हकीकत मी घरातही कधी सांगितली नाही. सांगण्यासारखी नाहीच.

आमच्याकडे तारखा-वेळांचा नुसता गोंधळ असे. रजिस्टरात कुणी दिवस आधी लिही, कुणी महिना, तर कुणी नुसतंच 'मंगळवारी सकाळी'. मालक पुण्याला एक मोठा औषध कारखाना पाहून आले आणि त्यांनी फर्मान काढलं. आधी दिवस, मग महिना अक्षरात, वर्ष चार आकडी, वेळ चोवीस तासांची. दुपारचे दोन म्हणजे चौदा. अंमलबजावणी माझ्याकडे. मला तर चेवच आला.

वाफेच्या यंत्रावर एक मामा होते, पन्नाशीचे, मिल सोडून आलेले. भरलेल्या बाटल्यांचा एकेक घाणा त्या यंत्रात अर्धा तास पूर्ण वाफेवर ठेवायचा, म्हणजे जंतू मरत. अर्धा तास ते भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा बघून बरोबर मोजत, पण किती वाजता लावलं हे मात्र मिलच्या भोंग्यावरून सांगत. तेव्हा अर्धं गाव भोंग्यावरच उठत-जेवत होतं. कोणत्या भोंग्याला लावलं, याच्या खुणा मामा यंत्राच्या दारावर खडूनं करत. त्या मी एक दिवस सगळ्यांदेखत पुसल्या.

"मामा, ही मिल नव्हे. भोंगे काय लिहायचे रजिस्टरात?"

पॅकिंगच्या बायका हसल्या. मामाही हसले. "बरं की साहेब. तुमी सांगाल तसं."

मामांना लिहिता-वाचता येत नव्हतं. म्हणून ठरलं असं, की त्यांनी दर वेळी येऊन सांगायचं आणि मी घड्याळ बघून लिहायचं. आठ दिवस लिहिलं. मग कंटाळा आला. मी सगळ्या नोंदी संध्याकाळी चहा पिता पिता अंदाजानं एकदमच करू लागलो. १३:०५ ते १३:३५. १४:१० ते १४:४०. अक्षर माझं मोत्यासारखं. पान बघून मालक खूश, मालक खूश म्हणून मी खूश.

उन्हाळ्यात एका दुपारी लाईट गेली, बॉयलरला पाणी चढेना. लाईट आल्यावर मामा धावतच माझ्याकडे आले.

"साहेब, मधीच वाफ पडली. आता परत चढलीया, पर लई वेळ गेला. ह्यो घाणा पुन्यांदा लावावा म्हन्तो."

मी लेबलं तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "चढली ना वाफ? मग झालं. लिहितो मी."

संध्याकाळी लिहिलं. पूर्ण अर्धा तास.

काही आठवड्यांनी बार्शीहून त्याच घाण्याच्या बाटल्या परत आल्या, गढूळ झालेल्या. तिथल्या डॉक्टरांनी बाटली उजेडात धरून पाहिली म्हणून कुणाला लावली गेली नाही. मालकांनी आम्हा दोघांना बोलावलं. रजिस्टरात अर्धा तास पुरा होता, तेव्हा मामांनीच दार लवकर उघडलं असणार, असं त्यांनी धरलं.

"त्या दिवशी लाईट गेल्ती, मालक," मामा म्हणाले. "मी साहेबास्नी सांगितलं व्हतं."

मालक त्या दिवशी गावात नव्हते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय हो?"

हो म्हणायचं होतं, बस. माझी नोकरी गेली असती तर मला दुसरी मिळाली असती. मामांच्या घरी खाणारी तोंडं पाच, आणि त्या वयात त्यांना कोण कामावर घेणार होतं? हे मला तेव्हाही कळत होतं. आज त्याचीच लाज जास्त वाटते.

मी रजिस्टर मामांपुढे सरकवलं आणि नोंदीवर बोट ठेवलं. "इथं तसं काही नाही."

मामा वाकले. न कळणाऱ्या त्या आकड्यांकडे बराच वेळ बघत राहिले. मग मालकांना म्हणाले, "साहेबांनी घड्याळ बघून लिव्हलंय, म्हंजे तेच खरं असंल. माजंच डोस्कं चालंना आताशा."

मालकांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं.

मला वाचवायला म्हणून ते तसं बोलले असते, तर मी कसाबसा जगलो असतो. पण त्यांना ते खरंच वाटलं होतं.